हर्षा लांजेवारची चाळीस मिनिटं

"सन्माननीय व्यासपीठ," असं म्हणून दौलतराव हटवार थांबले आणि त्यांनी समोर पाहिलं. समोर व्यासपीठ नव्हतं. भिलईच्या कॅम्प-वन वस्तीतल्या त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक बाज होती, घरघरणारा कूलर होता, आणि बाजेवर मोबाइल पुढे ठेवून बसलेली हर्षा लांजेवार नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती. उंबऱ्याशी त्यांची बायको राधाबाई लसूण सोलत होती. एवढ्या जनसमुदायावर नजर फिरवून पंच्याऐंशी वर्षांच्या दौलतरावांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला, आणि "उपस्थित रसिक श्रोतेहो" इथून जे सुटले ते अकरा मिनिटांनी "जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगढ" इथेच थांबले.

तो कागद मी लिहिलेला होता.

आज हे सांगताना लाज वाटते. त्या दिवशी मात्र मी दाराबाहेर उभा राहून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. हर्षाने मला एवढंच सांगितलं होतं, की काका, तुम्ही हटवार आबाजींना ओळखता, त्यांच्या कानावर घालून ठेवा, रविवारी मी गप्पा मारायला येते. निरोप न्यायचा, पाणी प्यायचं, परत यायचं. पण मी पडलो आमच्या मराठी मंडळाचा एकोणीस वर्षं चिटणीस असलेला माणूस. भिलईत मराठी माणूस रिटायर झाला, वारला, किंवा त्याच्या मुलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, की भाषण माझ्या हातचं. बोलणारा बदलतो, मजकूर फारसा बदलत नाही. दौलतराव म्हणाले, "सेकेटरी, कॉलेजची पोरगी येऊन राहिली मनते. मले कुठी चांगलं बोलता येते?" आणि मी म्हणालो, "काळजी करू नका, मी आहे ना." दुसऱ्याचं वाटोळं करायला निघालेला माणूस बहुधा हेच वाक्य म्हणून घराबाहेर पडतो.

आठ दिवस दौलतराव ते पाठ करत होते. राधाबाई कागद धरून समोर बसायच्या. वाचता त्यांना येत नव्हतं, पण नवरा अडखळला की त्यांना बरोबर कळायचं.

भाषण संपल्यावर राधाबाईंनी पदराने डोळे टिपले. लसणामुळे नव्हे. हर्षाने डोळे मिटून घेतले होते.

"आबाजी," ती डोळे उघडून हळू आवाजात म्हणाली, "हे छान झालं. आता कागद ठेवून द्या. आता तुमच्या मनानं सांगा. भट्टीवर काय काय असे, तुमी लोक कशाले काय म्हनत होते."

दौलतरावांचा चेहरा पडला. "कावून? बराबर नाई झालं?"

"बराबर झालं."

"मंग झालं न. तेच लिहून घे. ते जुनं आमचं बोलनं नोको टाकू त्याच्यात. चार मोठे लोक ऐकतील. हसतील."

हर्षाने मोबाइल बंद केला. त्या मुलीला राग आला की ती हिंदीत जाते. फारच राग आला की मराठीत परत येते. खोलीत ती दौलतरावांच्या पाया पडली, राधाबाईंचा चहा उभ्यानेच प्यायली, आणि गल्लीत आल्यावर माझ्याकडे वळली. मराठीत.

"काका, मी त्यायले भाषण मागितलं होतं का?"

"अगं, त्यांना जरा आधार असावा म्हणून..."

"आधार? तो मानूस एकोनसाठ साली लाखांदुराहून आला. छत्तीस वर्षं भट्टीच्या डोक्यावर उभा राहिला. बुटाचे तळवे वितळत होते त्याचे. तेव्हा कोन होतं आधार द्याले? तुमी होते?"

मी चष्मा पुसायला काढला.

"'अग्निदेवतेची अखंड आराधना.' हे तुमी लिहिलं. कोक ओव्हनमध्ये आराधना नाही होत काका, घामोळ्या होतात."

एक सायकलवाला आमच्यामधून घंटी वाजवत गेला. त्याने वळून पाहिलं, कारण कॅम्प-वनमध्ये एवढ्या वयाच्या माणसाला एवढ्या वयाच्या मुलीने असं उभं करण्याची रीत नाही. मी इकडे तिकडे बघत हसलो. नेमकं तेच करायला नको होतं.

"हसा," हर्षा म्हणाली. "तुमाले तेच येते. आधीही तेच केलं होतं तुमी." आणि स्कूटी सुरू करून निघून गेली.

आधी काय केलं होतं, हे मला आठवेना. तिला मात्र तारखेनिशी आठवत होतं.

हर्षाचे वडील प्रफुल्ल लांजेवार, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहणारे, आता पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये आहेत. पण भरती झाले ते कोक ओव्हनमध्ये, दौलतरावांच्या हाताखाली हेल्पर म्हणून. कोक ओव्हन म्हणजे कोळसा भाजायच्या उंच, अरुंद भट्ट्यांची रांग. वरच्या भोकांतून कोळसा सोडणारी एक गाडी, भाजलेला लालबुंद कोक एका बाजूने ढकलून काढणारं एक अवाढव्य यंत्र, आणि मग त्यावर पाणी ओतणारा मनोरा. यंत्रं रशियाहून आली, नावं इंग्रजीतून आली, आणि माणसं आली भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांमधून. त्या माणसांच्या तोंडात ती नावं बसेनात. मग त्यांनी आपली नावं ठेवली. वरून कोळसा पेरत जाते ती तिफण. डोकं लावून ढकलतो तो रेडा. लाल कोक म्हणजे नवरदेव, आणि पाण्याचा मनोरा म्हणजे त्याची न्हाणी. "रेडा कुठी आहे?" "सात नंबरवर." "नवरदेव न्हाऊन गेला का?" असं सगळं काम चालायचं. हेल्पर प्रफुल्ल हे शब्द डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. हर्षाला लहानपणी खरंच वाटायचं, की बाबा जिथे जातात तिथे एक लोखंडी रेडा आहे आणि रोज एका नवरदेवाला आंघोळ घातली जाते.

अकरा वर्षांची असताना आमच्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने 'माझ्या बाबांचं काम' हा विषय घेतला. भाषण कोणी लिहून दिलेलं नव्हतं. वडील तिसऱ्या रांगेत, सेकंड शिफ्ट बदलून घेऊन, नवीन शर्ट घालून बसले होते. तिने सुरुवात केली, "माह्ये बाबा रेड्याजवळ काम करतात," आणि सभागृह फुटलं. पाहुण्या परीक्षक बाई, पुण्याहून आलेल्या, चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "किती गोड. पण बाळा, कारखान्यात रेडा कुठून आला?" आणि सूत्रसंचालकाने माइकवर म्हटलं, "म्हैस शोधत आला असेल."

सूत्रसंचालक मी होतो.

तिला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक स्टीलचा डबा मिळाला. त्यात आजही त्यांच्या घरी मेथीदाणे असतात. हसण्याचं तिला फारसं लागलं नाही, असं ती म्हणते. लागलं ते पुढचं. घरी जाताना स्कूटरवर वडील एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "बाबा, आज रेडा कसा होता?" तर ते ताटात बघत म्हणाले, "पुशर कार मनाचं त्याले." त्यानंतर तेरा वर्षांत त्या घरात तो शब्द आला नाही. तिफण गेली, नवरदेव गेला. एका विनोदात सगळी भट्टी विझली.

हर्षाच्या शिक्षणाचा रस्ता कुठून सुरू झाला असं विचारलं तर ती या स्कूटरवरच्या मुक्या प्रवासापासून सांगते. मधला रस्ता मात्र सरळ नव्हता. सेक्टर दहामधल्या प्रत्येक मुलासारखी तीही दहावीनंतर नेहरू नगरच्या कोचिंग क्लासात बसली. फिजिक्सच्या वहीच्या समासात ती लिहायची: समोरची टीना सरांशी हिंदीत बोलते, आईचा फोन आला की खाली वाकून मराठीत बोलते, फोन ठेवून इकडे तिकडे बघते. ऑटोवाल्याशी छत्तीसगढीत भाव करते आणि तेव्हा मात्र बघत नाही. दोन वर्षांत फिजिक्स पन्नास पानं झालं आणि समास भरून गेले. वडिलांच्या हाती एकदा वही लागली.

"हे कोनतं चॅप्टर आहे?"

"हे माह्यं चॅप्टर आहे, बाबा."

प्रफुल्लनी वही आठवडाभर स्वतःजवळ ठेवली. मग म्हणाले, "पास होशीन का त्याच्यात?" याला त्या घरात परवानगी म्हणतात.

बी.ए. झालं. एम.ए.साठी ती आधी महाराष्ट्रातल्या एका विभागात मुलाखतीला गेली. तिथल्या सरांनी तिचं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि फार प्रेमाने सुचवलं, की तुम्ही हिंदी का घेत नाही? परत येऊन इकडे विचारलं, तर इकडचे म्हणाले, मराठी आपल्या राज्याची भाषा नाही, छत्तीसगढीवर काम करा, स्कोप आहे. तिकडे ती छत्तीसगढची, इकडे ती महाराष्ट्राची. या जाण्यायेण्यात दोन राज्यांच्या सीमेवरच्या गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर उतरून तिने एक वडापाव खाल्ला, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तीच एक जागा होती जिथे तिला कोणी काही सुचवलं नाही.

शेवटी भाषाविज्ञानात एम.ए. आणि आता पीएच.डी.चा विषय. मार्गदर्शक मिळाल्या त्या आम्रपाली मेश्राम मॅडम, राजनांदगावच्या, कमी बोलणाऱ्या. विषय असा: भिलईच्या पहिल्या मराठी कामगारांनी प्लांटमध्ये घडवलेली बोली. मॅडम म्हणाल्या, बावीस तारखेला समिती बसणार, समितीला विषय पटणार नाही, मला पटलाय. पहिल्या पिढीतल्या एकाचं चाळीस मिनिटं मोकळं बोलणं आण, कोणी न शिकवलेलं. ते मी त्यांच्या टेबलावर ठेवते, मग बघू. नाही आणलंस तर दुसरा विषय शोध.

पहिल्या पिढीतले, हे सगळे शब्द वापरलेले, स्मरण शाबूत असलेले, भिलईत उरलेले असे एकच: दौलतराव हटवार. आणि त्यांच्याकडे निरोप घेऊन तिने पाठवलं मला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती कॅम्प-वनमध्ये चार वेळा गेली. दौलतराव आता कागदाशिवाय म्हणत होते. त्यांच्या मुलाने, नरेशने, त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. साकोलीहून हात जोडलेले इमोजी आले, गोंदियाहून फुलं आली, नागपूरच्या व्याह्यांनी लिहिलं, 'दौलतराव, तुम्ही इतके शिकलेले आहात हे माहीत नव्हतं.' हे वाक्य राधाबाईंनी गल्लीत सहा घरी सांगितलं. दूधवाला यायचा तर दौलतराव त्याला 'अग्निदेवतेची अखंड आराधना' ऐकवायचे. दूधवाला छत्तीसगढी. "बने बोलथस बबा," छान बोलता, असं म्हणायचा आणि माप थोडं वाढवून घालायचा.

हर्षा पुढ्यात बसून ऐकायची. तुमचं बोलणं खोटं आहे, असं ती त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी शिकलेलं म्हटलं होतं. आणि रागावणार कोणावर? ते हसले नव्हते. ते घाबरलेले होते. दर वेळी परत येताना स्कूटीवर तिचा राग थोडा थोडा वाढत जायचा, आणि त्यावर एकच पत्ता लिहिलेला होता.

एकोणीस तारखेला सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. "चपला घाला," म्हणाली. "तुमी गाठ मारली, तुमीच सोडा. त्यायले सांगा, ते भाषण फालतू होतं."

एकोणीस वर्षांच्या साहित्यसेवेला हा शब्द प्रथमच लाभत होता. मी चपला घातल्या.

खोलीत गेल्यावर मी सुरुवात केली आणि जन्माची सवय आड आली. मी म्हणालो, "दौलतराव, आपलं भाषण अप्रतिमच होतं, तथापि बोलीचं म्हणून एक वेगळं सौंदर्य असतं, दोहोंचा संगम साधता आला तर..." दौलतराव खूश होऊन म्हणाले, "पाहा, सेकेटरी बी मनते, मस्त होतं." राधाबाई माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

"बसा आजी," हर्षा म्हणाली. आवाज वाढलेला नव्हता, पण राधाबाई बसल्या. "आबाजी, मी अकरा वर्षांची होती. मंडळात भाषणाले उभी राहिली. कोनी लिहून नोव्हतं देलं. मी म्हटलं, माह्ये बाबा रेड्याजवळ काम करतात. सगळे हसले. माह्या बाबाच्या तोंडावर हसले. तेव्हापासून बाबानं तो शब्द घरात काढला नाही. तुमी शिकवला होता त्यायले तो शब्द. अन् सगळ्यात जोरानं माइकवर कोन हसलं माहीत आहे?" तिने बोट दाखवलं. "हे. अन् ह्यायलेच तुमी भाषण लिहून मागता."

मला तेव्हा आठवलं. म्हैस आठवली, डबा आठवला, आणि तिसऱ्या रांगेतला नवीन शर्टही. मी तेव्हा पाहिला होता तो.

दौलतराव माझ्याकडे वळले. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

"प्रफुल्लच्या पोरीले हसला तू?" ते म्हणाले. एकोणीस वर्षांत ते मला कधी 'तू' म्हणाले नव्हते. "रेड्याले हसला?"

"दौलतराव, तो एक विनोद..."

"तुले दाखवला असता मी रेडा. येक दिवस उभा राहिला असता न त्याच्यापुढे, तं इनोद कुठून निंगते ते समजलं असतं." पंच्याऐंशी वर्षांचा माणूस बाजेवर सरळ झाला होता. "आमच्यावर बी हसत होते. साहेब हसे. मने, हटवार, मशीनले जनावर मनता तुमी? मी मनलं, साहेब, जनावर मनलं मनून त्याच्याले भितो आमी. मशीन मनलं असतं तं हात घातला असता कोनी." मग खिशातला चार घड्यांचा कागद काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. फाडला नाही, चुरगळला नाही. तो माणूस कागदाची इज्जत करणारा. "हे घेऊन जा तुह्यं."

हर्षाचा मोबाइल पिशवीतच होता. तो बाहेर काढून तिने त्यांना दाखवला. "चालू करू, आबाजी? ऐकतील लोक. समितीतले ऐकतील."

"हसतील?"

"हसतील एखाद्या वेळेस."

दौलतरावांनी सदरा सारखा केला. "कर चालू," ते म्हणाले. "अन् याले बाहेर बसव."

मी बाहेर बसलो. पायरीवर, ऊन चढत होतं तिथे, हातात माझंच साहित्य घेऊन. दार लोटलेलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं नाही, आणि जे आलं ते माझ्यासाठी नव्हतं. मधूनच तिफण ऐकू आली. मधून राधाबाईंचा आवाज, "तवा वेन्या हेल्परचा पाय भाजला, ते नाई सांगलं तुमी." साहेबाचा किस्सा मात्र नीट ऐकू आला. एकदा फर्स्ट शिफ्टला सात नंबरवर ढकलणारं यंत्र मधेच अटकलं, लाल कोक अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि तेच हसणारे साहेब पळत येऊन गळा फाडून ओरडले, "रेडा अडला रे, रेडा अडला." कारण दुसरं काही ओरडले असते तर तिथल्या बावीस जणांपैकी एकही वेळेत हलला नसता. यावर आत तिघंही हसले. मी हसलो नाही. तेवढी अक्कल मला पायरीवर आली होती.

दार चाळीस मिनिटांनी उघडलं नाही. सव्वा तासाने उघडलं.

बावीस तारखेला समितीने बारा मिनिटं ऐकलं, मग चहा आला. एक सदस्य म्हणाले, हे भाषा म्हणून बसवायचं कुठल्या खान्यात? आम्रपाली मॅडमनी त्यांना सांगितलं, की म्हणूनच ही मुलगी चार वर्षं काम करणार आहे. विषय मंजूर झाला, पण छत्तीसगढी कामगारांचे शब्दही घ्या अशी अट घालून. या अटीवर हर्षा दोन दिवस चिडलेली होती. तिसऱ्या दिवशी ती स्वतःवर चिडली, की हे आपल्याला आधी का सुचलं नाही, आणि त्या दूधवाल्याचा नंबर शोधायला लागली.

घरी तिने वडिलांना रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रफुल्ल जेवत होते. साहेबाच्या किश्शापाशी त्यांचा घास थांबला. "चूक सांगून राहिला दौलतमामा," ते म्हणाले. "रेडा आठ नंबरवर अडला होता. मी होतो न तिथं." हर्षाचा मोबाइल त्या वेळी ऐकवायच्या कामात होता, टिपून घ्यायच्या नव्हे. तिने तो तसाच राहू दिला आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

मला हे सगळं तिनेच सांगितलं, एक दिवस बाजारात भेटली तेव्हा. म्हणजे बोलते ती माझ्याशी. त्याचा मी जरा जास्तच अर्थ काढला. प्रबंधाला परिशिष्ट असतं हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "हर्षा, ते माझं अकरा मिनिटांचं भाषण टाकून दिलंस, की ठेवलंयस कुठे?"

वांगी निवडता निवडता, वर न बघता ती म्हणाली, "ठेवलं न काका, बोलीले लागनारी बिमारी कशी दिसते ते दाखवाले."